बाजा मध्ये चालतो

आमच्या घरी कीबोर्ड एकच आहे. शनिवारी तो वरातीत वाजतो आणि रविवारी चर्चमध्ये. दोन्हींच्या मध्ये तो ओल्या फडक्यानं पुसला जातो, आणि पुसते मी. विश्वास आणि धंदा यांचा मेळ तू कसा घालतेस, असं मला कोणी कोणी विचारतं. मी फडकं दाखवते. लोकांना त्याहून मोठं उत्तर हवं असतं, पण माझ्याकडे ते नाही.

चर्चची स्वतःची पेटी होती. तिचा भाता उंदरांनी खाल्ला. चामडं बदललं, तेही खाल्लं. मग एका उंदरीणबाईनं सुरांच्या पट्ट्यांवरच बाळंतपण उरकलं, तेव्हापासून माझा कीबोर्ड उपासनेत आला. कोणी ठराव केला नाही. मी आणला, लावला, वाजवला. सगळ्यांनी गायलं.

वरातीचं सांगायचं तर आमची बँजो पार्टी आहे. सीमाभागात चिटगुप्प्याच्या आसपासच्या खेड्यांत लग्न असलं की पोरांच्या नाचामागं आणि नवरदेवाच्या पुढं जी गाडी हळूहळू सरकत असते, पुढं-मागं भोंगे बांधलेली, ती आमची. नवरा ऑक्टापॅड वाजवतो, दीर बँजो. कीबोर्डवर पूर्वी एक जण होता. ऐन लग्नसराईत तो हैदराबादच्या पार्टीत निघून गेला. दुसऱ्या दिवशी बसवकल्याणची वरात होती. नवरा ओसरीवर डोकं धरून बसला होता.

मी म्हटलं, "मी येते."

तो म्हणाला, "तू? गाडीवर?"

"मग काय घोड्यावर?"

माझे वडील शाळामास्तर होते आणि चर्चमध्ये गीतं सांगायचे. त्यांनी मला पेटी शिकवली ती उपासनेसाठी, वरातीसाठी नाही. पण बोटांना जागा कळते, जागेला कारण विचारायची त्यांना सवय नसते. पहिल्या वरातीत मी डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून वाजवलं. दुसऱ्या वरातीत पदर कमरेला खोचला. तिसऱ्या वरातीत नवरीकडच्या बायका गाडीशी येऊन फर्माइशी सांगायला लागल्या, कारण बाईला सांगायला लाज वाटत नाही. तेव्हापासून बायका आमची पार्टी मागून घेतात, आणि नवरा माझ्यामुळे काम वाढलं असं चारचौघांत कबूल करतो. घरी करत नाही.

माझे नियम थोडे आहेत. रविवारी सकाळी वरात घ्यायची नाही. प्यायलेल्या माणसानं खाली नाचावं, गाडीवर चढायचं नाही. पवित्र आठवड्यात, म्हणजे झावळ्यांच्या रविवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, वरातीसाठी गाडी दारातून हलत नाही. आणि निघण्याआधी मी प्रार्थना करते. ती छोटी असते. "प्रभू, ताल सुटू देऊ नको आणि वायर जळू देऊ नको." नवरा आमेन म्हणतो. दीर एकदा म्हणाला, "वहिनी, जेवणाचंही सांगा की." तेव्हापासून जेवणाचंही सांगते.

आता हळदीचं. आमच्या भागात बाजा दारात आला की घरातली मोठी बाई तांब्या आणि हळद-कुंकवाचं ताट घेऊन बाहेर येते. गाडीच्या चाकांवर पाणी ओतते आणि एकेका वाद्याला हळद-कुंकू लावते. मी ख्रिस्ती आहे हे सगळ्यांना माहीत असतं, गळ्यात क्रूस दिसतोच. म्हणून मला आधी विचारतात, "तुला चालतंय का बाई?" मी न्हाई म्हणते. मग माझ्या वाट्याचंही कीबोर्डलाच लावतात.

मी त्यांना कधी अडवलं नाही. नवी साडी, डोळ्यांत पाणी, मागं निघायला उतावीळ झालेली पाहुणेमंडळी, अशा बाईचा हात धरून तिला माझा धर्म समजावत बसायचं कशाला? तिच्या घरचं कार्य आहे. माझं काम वाजवणं. घरी येऊन पुसलं की झालं.

पण ह्या वर्षी पुसलं तरी झालं नाही.

पुनरुत्थानाच्या सणाआधीचा उपवासकाळ सुरू झाला होता. शनिवारी कमठाण्याला वरात होती आणि नवरीची आजी मोकळ्या हाताची होती. तिनं बोटानं लावायची हळद मुठीनं लावली. मी घरी येऊन वरून स्वच्छ पुसलं. पण पट्ट्यांच्या फटींत भुकटी गेलेली होती, ती दिसली नाही. रविवारी सकाळी चर्चमध्ये उकाडा होता, वीज गेलेली, पंखे बंद, कीबोर्ड सेलवर. बोटांना घाम सुटला. एकेक पट्टी दाबली की फटीतली हळद वर येत होती आणि माझं लक्ष गीताच्या पुस्तकात होतं.

त्या दिवशी प्रभुभोजन होतं. आमच्याकडे वेदीपुढच्या कठड्यावर लांब पांढरं कापड अंथरतात. लोक गुडघे टेकून त्यावर हात ठेवतात. ते कापड माझ्या सासूबाईंनी विणलेल्या लेसचं, द्राक्षांचे घोस भरलेलं. चर्चमध्ये जपण्यासारखं काय, कोणालाही विचारा, तो आधी कापडाचं सांगेल, मग छपराचं. मी कठड्याशी गेले, हात ठेवले, डोळे मिटले. पाळकसाहेब भाकर द्यायला माझ्यापुढं आले आणि थांबले. मी डोळे उघडले. पांढऱ्या कापडावर दोन्ही हातांच्या सगळ्या बोटांचे पिवळेधमक ठसे. कोणीतरी मुद्दाम छापल्यासारखे.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या महिला मंडळाच्या अध्यक्ष आहेत आणि चर्चमध्ये सर्वांत मोठा आवाज त्यांचा आहे, गाण्यातही आणि बाकीच्या वेळीही.  त्या दिवशी उपासना संपल्यावर त्यांनी कापड उचललं, घरी नेलं आणि नळावर बसून त्याला साबण चोळला.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. हे प्रत्येक बाईला माहीत असतं. आत्यांनाही माहीत आहे. पण काळजीपोटी माणूस विसरतो. कापड लाल झालं, नळाखालचं पाणी लाल झालं, आणि समोरची शेजारीण ओरडली, "आवो, रगात कुनाचं?"

"माज्या सुनंचं निघायचंय अजून," आत्या म्हणाल्या.

बुधवारी चर्चच्या कमिटीनं मला बोलावलं. पाळकसाहेब नवे, कलबुर्गीहून बदलून आलेले. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे, घरी कन्नड बोलणारे, आणि मराठी अगदी पुस्तकातल्यासारखी. त्यांच्याशेजारी खजिनदार, निवृत्त लाइनमन, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं. आणि तिसऱ्या खुर्चीवर आत्या.

"अक्का," पाळकसाहेब म्हणाले, "कापडाचं सोडून द्या. प्रश्न कापडाचा नाही. हे वाद्य नेमकं कोणासाठी आहे, हा प्रश्न आहे."

"वाद्य माझं आहे," मी म्हटलं.

"त्येच तर म्हनायले मी," आत्या म्हणाल्या. "वाद्य तुजं, वरात तुजी, हळद तुजी. मग देऊळ कुनाचं?" जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात.

"आत्या, मी तिकडं वाजवते म्हणून इकडं वाजवू शकते. हात रोज चालतो."

"हात चालतोय गं. कुठं कुठं चालतोय त्ये बग."

अण्णा हसले आणि आत्यांनी बघितल्याबरोबर खोकले.

पाळकसाहेबांनी आवाज चढवला नाही. मला ते तेव्हाही बरे वाटले. ते म्हणाले, "उपासनेचं वाद्य वेगळं असावं असं मला वाटतं. झावळ्यांच्या रविवारपर्यंत विचार करा. एक तर हा कीबोर्ड फक्त चर्चचा राहील आणि तुम्ही पार्टी सोडाल. नाहीतर आपण बिनवाद्याची उपासना करू. कोणावर राग नाही."

राग नसला की माणसाला उत्तर देणं जास्त अवघड जातं.

पार्टी सोडणं शक्यच नव्हतं. त्या गाडीवर आमचं आणि दिराचं अशी दोन्ही घरं चालतात. आणि नुसतं तेवढंच नाही. वरातीत वाजवणं मला आवडतं. चारशे माणसांचे पाय माझ्या बोटांवर पडतात ही गोष्ट आवडत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण चर्चमधली जागा सोडायची म्हणजे काय, तेही मला कळत नव्हतं. लहानपणापासून उपासनेत मी पेटीमागं बसत आले. लग्न होऊन ह्या गावात आले तर पहिल्याच रविवारी पेटीमागं होते. मला बाकावर बसून प्रार्थना येत नाही. मी प्रयत्न केला आहे. हात मांडीवर वाजत राहतात आणि मन इकडंतिकडं जातं. पट्ट्यांवर हात असले की मन जागेवर राहतं. देवाशी माझं बोलणं तिथंच होतं. ती जागा गेली असती तर मी रविवारी चर्चला गेले असते, पण कशाला गेले असते हे सांगता आलं नसतं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "दुसरा कीबोर्ड घेऊ."

"दुसरा घेतला तरी वाजवणारी मीच. त्यांना बोटं वेगळी पाहिजेत."

"ती कुठं मिळत्यात?" असं म्हणून तो वायरी गुंडाळायला लागला.

घरात अबोला झाला नाही. आमच्या घरी अबोला धरायला कोणाला जमत नाही. कापडाचं काम चाललं होतं. आत्यांनी लिंबू चोळून लाल घालवलं, मागं मूळ पिवळं राहिलं. पिवळ्याला ऊन हाच उपाय. हळदीचा रंग उन्हापुढं टिकत नाही. आत्या रोज सकाळी कापड ओलं करून माळवदावर टाकायच्या, चार दगड ठेवायच्या, आणि संध्याकाळी आम्ही दोघी ते बघायला वर जायचो.

"कमी झालंय," आत्या म्हणायच्या.

"करंगळी गेली. अंगठा राहिलाय."

"अंगठा लई दाबलास तू."

"प्रार्थना करायले होते, आत्या."

"व्हय, दिसायलंय."

कापडाबद्दल आमचं एकमत होतं. बाकीचं आम्ही बोलत नव्हतो.

मग एके दिवशी दुपारी पाळकसाहेब घरी आले. मी ताटात तूर निवडत बसले होते. ते ओसरीवर टेकले, पाणी घेतलं, आणि जरा संकोचून म्हणाले, "अक्का, तुम्हाला विचारायला मला अवघड वाटतंय. झावळ्यांच्या फेरीचं काय करायचं? मागच्या वर्षीचा व्हिडिओ कोणीतरी मला पाठवला."

"बघितला?"

"पूर्ण नाही बघवला."

झावळ्यांच्या रविवारी आम्ही हातात झावळ्या घेऊन, गात, गावातून फेरी काढतो. इथं खजूर कुठून आणायचा, ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या आणतो. होसान्नाचा जयजयकार करत चर्चपासून बाजारातून, मशिदीवरून, बौद्ध विहाराच्या कोपऱ्यावरून वळसा घालून परत चर्चला. सांगायला सोपं आहे. पण पुढं पाळक, क्रूस आणि उसनी आणलेली पेटी, त्यामागं पोरं, मग बायका, शेवटी म्हाताऱ्या. पुढचे कन्नडमध्ये गातात, मधले मराठीत, आणि मागच्या औरादकडून आलेल्या सासवा-सुना तेलुगूत. चाल एकच, त्यामुळे भाषेची अडचण कधी आली नाही. अडचण अंतराची. पेटीचा आवाज बाजारातच विरून जातो, मागच्यांना काही ऐकू येत नाही, त्या आपल्या शेजारणीच्या तालावर चालतात. मागच्या वर्षी पुढच्यांनी आमेन म्हटलं तेव्हा मागच्या पहिल्या कडव्यात होत्या. अण्णा पानपट्टीवर पाणी प्यायला बसले ते उठलेच नाहीत. आणि आत्या, गुडघ्यांमुळं सर्वांत शेवटी, विहाराच्या कोपऱ्यावरून सरळ घरी गेल्या. "पुडच्यांची होसान्ना आन् मागच्यांला फुफाटा," असं त्या नंतर महिनाभर म्हणत होत्या.

मी ताटातली तूर एका रेघेत लावली. पाळकसाहेबांना दाखवली.

"ही फेरी. बाजा कुठं आहे?"

त्यांनी पहिल्या दाण्यावर बोट ठेवलं.

"तिथंच चुकतंय. बाजा कधी पुढं नसतो. बाजा मध्ये चालतो. पुढचे त्याला ऐकून थांबतात, मागचे त्याला ऐकून येतात. पुढं ठेवला की पुढच्यांचाच होतो."

त्यांनी बोट एकेका दाण्यावरून रेघेच्या मध्यापर्यंत सरकवलं.

"आणि वेग कोण ठरवतो?"

"आमच्या धंद्यात नवरदेव ठरवत नाही. त्याची आजी ठरवते. ती दमून बसली की अर्धी वरात तिच्याभोवती बसते. म्हणून तिच्या चालीनं वाजवायचं."

"म्हणजे तुमची गाडी लागेल."

"भोंगे पुढं आणि मागं दोन्हीकडं आहेत. गाडी लागेल."

"वरातीची गाडी," ते पुन्हा म्हणाले.

"दुसरी कुठली नाही आमच्याकडं. पुसून आणते. चाकंसुद्धा."

ते हसले नाहीत, पण उठताना म्हणाले, "आणा." दोन पावलं जाऊन वळले. "आणि तुमचा निर्णय?"

"फेरी झाल्यावर सांगते."

नवरा आतून सगळं ऐकत होता. "म्हंजे परीक्षा द्यायलीस," तो म्हणाला.

"मी न्हाई. गाडी द्यायली."

त्या रविवारी सकाळी आमची गाडी मी लग्नातही बघितली नव्हती इतकी देखणी दिसत होती. दिव्यांच्या माळा काढल्या होत्या, सगळीकडं शिंदीच्या हिरव्या झावळ्या बांधल्या होत्या. कीबोर्डच्या पट्ट्यांच्या फटी मी उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळून साफ केल्या होत्या. दिरानं विचारलं, "वहिनी, ठेका कोणता?" मी म्हटलं, "आत्यांच्या गुडघ्याचा."

निघालो. पहिल्या शंभर पावलांतच मला कळलं, जमणार आहे. वरातीत हे असंच कळतं, पाठीत कळतं. पुढं पाळकसाहेबांचा पांढरा झगा, मागं बायकांची रांग, आणि त्यांच्या मध्ये आमची गाडी. गीत सुरू झालं तसं पुढून कन्नड आलं, बाजूनं मराठी, मागून तेलुगू, आणि कडवं संपलं तेव्हा तिन्ही भाषा एकाच जागी संपल्या. पोरांनी आश्चर्यानं मागं वळून बघितलं. पाळकसाहेबांनीही बघितलं.

मशीद जवळ आली तशी मी हात वर केला. नवऱ्यानं ठेका थांबवला, दिरानं बँजो. हे आम्हाला सांगावं लागत नाही. मशिदीपुढं बाजा बंद, दुखवट्याच्या घरापुढं बंद, परीक्षा चालू असलेल्या शाळेपुढं बंद. पाळकसाहेबांना वाटलं वायर जळाली, ते घाईनं मागं आले. मी डोळ्यांनी मशीद दाखवली. मग त्यांनीही गाणं थांबवलं आणि सगळी फेरी नुसती चालत राहिली. इतक्या माणसांच्या हातातल्या झावळ्यांची सळसळ मी पहिल्यांदाच ऐकली. एरवी त्या आपल्याच आवाजाखाली बुडून जातात. मशीद ओलांडली आणि मी बोट ठेवलं, तेव्हा लोकांनी ज्या जोरानं गीत उचललं ते बघून पानपट्टीवाल्यानंही टाळ्या वाजवल्या. अण्णा त्याच्याकडं न बघता पुढं गेले.

विहाराच्या कोपऱ्याला मी मागं बघितलं. आत्या घरच्या वाटेला लागल्या असतील असं वाटलं होतं. त्या तिथं नव्हत्या. त्या गाडीच्या चाकाशी होत्या, पदरानं घाम पुसत.

"हात दे," त्या म्हणाल्या.

"कामून?"

"कामून म्हंजे? वर यायलेय. गुडघा ऱ्हायला न्हाई, पर गळा हाय अजून."

नवऱ्यानं आणि दिरानं मिळून आईला वर घेतलं. त्या स्पीकरच्या खोक्यावर बसल्या, पदर नीट केला, माझ्यापुढचा माईक ओढून घेतला, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुज्या डबड्याचा आवाज कमी कर." मग त्यांनी गीत उचललं. पहिल्यांदा मराठीत. मग मागच्या बायकांकडं वळून तेलुगूत, कारण त्या मूळच्या औरादकडच्या. मागून जो आवाज आला, तो ऐकून माझी बोटं एक क्षण चुकली. आत्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना चूक कळतेच.

आणि तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातून एक बाई तांब्या आणि हळद-कुंकवाचं ताट घेऊन पळत आल्या. ह्याच महिन्यात त्यांच्या मुलीच्या लग्नात आम्ही वाजवलं होतं. त्यांनी बाजा ऐकला, आमची गाडी ओळखली, आणि पुढचं सगळं सवयीनं झालं.

"अगं थांबा की! बाजा दारावरून असाच न्यायचा असतोय व्हय?"

गाडी थांबली. त्यांनी चाकांवर पाणी ओतलं. मग ताटात बोट बुडवलं आणि हळदीनं भरलेलं बोट घेऊन त्या कीबोर्डकडं वळल्या.

पुढं गाणं थांबलं. पाळकसाहेब वळून उभे होते. कमिटीचे सगळे लोक बघत होते. मी त्या बाईंचा हात धरला असता तर तो त्यांच्या दारात त्यांचा अपमान झाला असता, आणि नसता धरला तर रविवारच्या सकाळी, झावळ्यांच्या फेरीत, सगळ्यांसमोर पट्ट्या पिवळ्या झाल्या असत्या. वरातीत काय करायचं ते मला माहीत होतं. चर्चमध्ये काय करायचं तेही माहीत होतं. इथं दोन्ही एकाच गाडीवर होतं. माझे हात पट्ट्यांवर तसेच राहिले.

आत्यांच्या हातात माईक होता आणि तो चालू होता.

"बाई," आत्या म्हणाल्या, आणि ते सबंध बाजाराला ऐकू गेलं, "गाडीला लाव, चाकाला लाव. बटनाला लावू नकू. तिची बोटं पिवळी व्हत्यात आन् मग माज्या कापडाला लागत्यात. महिना झालं, अंगठा निघायला न्हाई!"

पहिल्यांदा त्या बाई हसल्या. मग मागच्या बायका. मग पुढची पोरं, ज्यांना काही कळलं नव्हतं. अण्णा खोकले नाहीत, उघड हसले. बाईंनी हळद गाडीच्या पुढच्या फळीला लावली, बोट पदराला पुसलं, आणि पाळकसाहेब पुढं आलेले बघून त्यांना म्हणाल्या, "सायेब, उन्हात आलाव. पानी तरी घ्या."

पाळकसाहेबांनी त्याच तांब्यातलं पाणी घेतलं. मान मागं करून, वरून धार धरून प्यायले. झग्यावर थोडं सांडलं. तांब्या परत दिला, बाईंना हात जोडले, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "चला अक्का. वाजवा."

मी वाजवलं. चर्चच्या दारात पहिला माणूस आणि शेवटची म्हातारी एकाच आमेनला पोचले. आमच्या चर्चमध्ये हे पूर्वी कधी झालेलं कोणाला आठवत नाही.

नंतर चिंचेखाली सरबत चालू असताना पाळकसाहेब आले. मी त्यांना बोलायला वेळ दिला नाही.

"पार्टी सोडणार नाही," मी म्हटलं. "आणि चर्चमधल्या पेटीच्या जागेवरून उठणारही नाही. तुम्ही उठवलंत तर बाकावर बसेन, पण मांडीवर वाजवत बसेन, आणि शेजारच्यांना त्रास होईल."

"उठवत नाही," ते म्हणाले. "मी बाजा पुढं ठेवत होतो, तेवढं माझ्या लक्षात आलं." मग जरा थांबून, "पण हळदीचं काहीतरी करा."

"त्ये माज्याकडं," आत्या मागून म्हणाल्या. त्यांचा सरबताचा दुसरा पेला चालू होता.

पुनरुत्थानाच्या सणाला कापड कठड्यावर परत आलं. अंगठा अजून आहे, कुठं बघायचं माहीत असेल तर दिसतो. आत्यांनी तो भाग मी गुडघे टेकते नेमक्या त्या जागी येईल असा अंथरला होता. त्यात काही बोलायचं नव्हतं, फक्त मी हात जरा बाजूला ठेवले.

हळदीचं म्हणाल, तर आत्या टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक घालतात. गादीवरच्या नव्या खोळीचं जाड प्लास्टिक उरलं होतं, त्याचं त्यांनी कीबोर्डच्या मापाचं आवरण शिवलं, दोन्ही टोकांना नाड्या लावल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी बसवकल्याणच्या वरातीत त्याचं उद्घाटन झालं. नवरीच्या मावशीनं त्यावर भरपूर हळद लावली, वर कुंकू, वर अक्षता. मी घरी येऊन नाड्या सोडल्या, प्लास्टिक झटकलं, खाली पट्ट्या दुधासारख्या पांढऱ्या.

त्यात एकच खोट आहे. प्लास्टिकवरून बोटं घसरतात आणि वरातीत मधूनच एखादा सूर चुकतो. नाचणाऱ्यांना कळत नाही. चर्चमध्ये मी प्लास्टिक काढून वाजवते, कारण तिथं आत्यांना कळतं.